बाबांची गोळी आणि पित्ताची गोळी

ताई,

माझे बाबा ५८ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून याच वर्षी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर दोन महिन्यांत ताप, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त असं सगळं एकदम सुरू झालं. पुण्यात तपासण्या केल्या. अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया निघाला, रिपोर्टवर 'फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह, बीसीआर-एबीएल पी-१९०' असं लिहिलंय. डॉक्टरांनी रोज डॅसॅटिनिब १४०ची एक गोळी, स्टिरॉइड, आठवड्याला एक इंजेक्शन आणि मधूनमधून पाठीतलं इंजेक्शन असं सुरू केलं. महिन्याभरात रक्ताचे आकडे नॉर्मल आले.

आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. मोठे मामा म्हणतात, "गोळ्यांवर ब्लड कॅन्सर बरा होतो होय? मुंबईला न्या, कडक केमो द्या." चुलत भाऊ म्हणतो, त्याच्या गल्लीतले एक काका अकरा वर्षं अशाच गोळीवर आहेत, रोज दुकान उघडतात, मग बाबांना पाठीत सुया कशाला टोचायच्या? बाबांना आम्ही खरा आजार सांगितलेला नाही. 'रक्त कमी झालंय, इन्फेक्शन आहे' एवढंच त्यांना माहीत. आता बरं वाटतंय म्हणून ते गोळ्या बंद करा म्हणतात. परवा तर घेतलीच नाही. गावाकडून गुळवेलीचा काढाही आलाय. हे टार्गेट औषध नेमकं करतं काय आणि आम्ही कुणाचं ऐकायचं?

एक लेक, सोलापूर जिल्हा

ता. क. स्टिरॉइडने पोटात आग होत होती म्हणून गावातल्या डॉक्टरांनी पँटोप्राझोल दिलंय, सकाळी उपाशीपोटी. त्याने खूप आराम आहे. डॅसॅटिनिबही मी त्याच्याबरोबरच देते, म्हणजे विसरायला होत नाही.

*

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ता. क. म्हणून लिहिलीत, म्हणून मीही शेवटाकडूनच सुरू करते. पुढचं वाचायच्या आधी पुण्याच्या डॉक्टरांना किंवा त्यांच्या वॉर्डात फोन लावा आणि एवढंच सांगा: "बाबा डॅसॅटिनिबबरोबर रोज पँटोप्राझोल घेतायत, आणि परवाचा एक डोस चुकलाय." मामा, चुलत भाऊ आणि काढा हे सगळे एक तास थांबू शकतात. हे थांबू शकत नाही.

कारण असं की डॅसॅटिनिबच्या गोळीला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. आम्ल नसेल तर गोळी पोटात जाते, पण तिच्यातलं औषध पुरेसं रक्तात उतरत नाही. पँटोप्राझोलच्याच कुळातलं ओमेप्राझोल देऊन पाहिलं तेव्हा रक्तात पोचणारं डॅसॅटिनिब ४३ टक्क्यांनी घटलं होतं. फॅमोटिडिन हे पित्ताचं दुसऱ्या जातीचं औषध, तेही डॅसॅटिनिबच्या दहा तास आधी दिलेलं, तरी घट ६१ टक्के. बाबा गणित शिकवायचे की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण हिशेब साधा आहे: तुम्ही १४० मिलिग्रॅम हातावर ठेवताय आणि अंगी लागतंय ते ऐंशीच्या आसपासचं. घरातलं कुणी चुकलेलं नाही, गोळी रोज दिली जातेय, तरी निम्म्याच्या जवळपास औषध वाया.

'मग पित्ताची गोळी सकाळी आणि ही रात्री देते' हा मार्ग इथे चालत नाही. पँटोप्राझोल आम्ल तयार करणारे पंपच बंद पाडतं आणि त्याचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे घड्याळाचे काटे फिरवून उपयोग नाही. पण म्हणून ती गोळी आज स्वतःच्या मनाने बंदही करू नका. बाबा स्टिरॉइडवर आहेत, प्लेटलेट्स मध्यंतरी कमी होत्या, अशा पोटाला संरक्षण लागू शकतं. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे डॉक्टर ठरवतील. बहुतेक ते पातळ जेल किंवा चघळायची अँटासिड देतील, आणि ती डॅसॅटिनिबच्या किमान दोन तास आधी किंवा दोन तास नंतर घ्यायला सांगतील. ईनोसुद्धा अँटासिडच आहे हं. घरोघरी ते औषधात धरत नाहीत.

गावातल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. त्यांच्यासमोर पोटात आग होणारा माणूस होता आणि त्यांनी योग्य ते औषध दिलं. डॅसॅटिनिबची पट्टी त्यांना कुणी दाखवली होती का? मला वाटतं, नसावी. मी बरीच वर्षं रक्ताच्या कर्करोगाच्या विभागात औषधखिडकीमागे काढली. तिथे माझी एक सवय होती: रुग्णाची पिशवी काउंटरवर ओतायला सांगायची. चिठ्ठी दाखवू नका, पिशवी ओता. एकदा एका गृहस्थांच्या कापडी पिशवीतून अकरा पट्ट्या निघाल्या आणि त्यातल्या तीन पट्ट्यांवर तीन वेगळ्या कंपन्यांची नावं असून आत औषध एकच, पित्ताचंच. गावच्या डॉक्टरांची एक, तालुक्याच्या डॉक्टरांची एक आणि मेडिकलवाल्याने 'हे पण चांगलं आहे' म्हणून दिलेली एक. तीन महिने त्यांचे रिपोर्ट हवे तसे उतरत नव्हते. गोळी बदलायची चर्चा सुरू झाली होती.

आता तुमचा मूळ प्रश्न, हे औषध करतं काय.

तुमच्याकडे शेती असेल तर विहिरीवरच्या मोटरचा 'ऑटो' तुम्हाला माहीत असेल. लाइट रात्री दोनला येते, माणूस झोपलेला असतो, म्हणून स्टार्टरला ऑटो बसवतात. लाइट आली की मोटर आपोआप चालू. शरीरातल्या पेशीलाही 'आता वाढ, आता दोनाच्या चार हो' असा निरोप बाहेरून येतो, आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो, आणि काम झालं की थांबतो. हा निरोप पुढे देण्याची रीत म्हणजे एका प्रथिनाने दुसऱ्यावर फॉस्फेटचा छोटासा तुकडा चिकटवायचा. हे चिकटवण्याचं काम करणाऱ्यांना कायनेज म्हणतात. एबीएल हे असंच एक कायनेज. निरोगी पेशीत ते बहुतेक वेळ स्वतःच स्वतःला कुलूप लावून बसलेलं असतं.

बाबांच्या अस्थिमज्जेतल्या एका पेशीत ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटले आणि अदलाबदल होऊन जोडले गेले. त्या जोडात एबीएलचं कुलूप असलेला भाग गळून गेला आणि त्या जागी बीसीआर या दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा आला. हा बीसीआर अशा प्रथिनांना एकमेकांजवळ ओढतो आणि ती एकमेकांना चालू करत सुटतात. ऑटो अडकला, मोटर बंदच होईना. मग निरोपाच्या तिन्ही पाटांना पाणी सुटतं: एक वाढीचा निरोप देणारा रास, एक पेशीला मरू न देणारा एकेटी, एक स्टॅट. रिपोर्टवरचा 'पी-१९०' हा आकडा म्हणजे या जोडप्रथिनाचं वजन, आजाराची पायरी नव्हे. तुमच्यासारख्या कितीतरी मुलींनी मला घाबऱ्या आवाजात विचारलंय की १९० म्हणजे खूप जास्त आहे का. नाही. त्याचा अर्थ तसा नाहीच.

गुणसूत्र क्रमांक २२ मोडून छोटं झालेलं असतं हे १९६० मध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पाहिलं, म्हणून ते नाव. तुकड्यांची अदलाबदल होते हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ओळखलं. गुणसूत्रांचे फोटो कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या जोड्या लावायच्या. मुलांना वाटायचं, आई कागदी बाहुल्या खेळतेय. तिथून इमॅटिनिबची गोळी बाजारात यायला २००१ उजाडलं. डॅसॅटिनिब ही तिच्या पुढच्या पिढीतली.

गोळी करते ते असं: एबीएलला फॉस्फेट एटीपी नावाच्या रेणूतून घ्यावा लागतो आणि त्यासाठी त्याच्या अंगात एक खोबण आहे. औषध त्या खोबणीत जाऊन बसतं. एटीपीला जागा उरत नाही, निरोप तुटतो, आणि त्या निरोपावरच जगणाऱ्या पेशी मरायला लागतात. प्रयोगशाळेत डॅसॅटिनिब हे इमॅटिनिबच्या सुमारे ३२५ पट जोरकस दिसलं. पण खोबणीत बसलेलं औषध कायमचं चिकटत नाही, ते सुटतं, शरीराबाहेर जातं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी लागते, तिसऱ्या दिवशी पुन्हा. परवाचा चुकलेला डोस आणि पँटोप्राझोल या दोन गोष्टींवर मी अडून बसले आहे ते याचसाठी. चुकलेला डोस भरून काढायला दोन गोळ्या एकदम मात्र देऊ नका.

आता मामा. मामांचं म्हणणं चाळीस वर्षांपूर्वी अगदी बरोबर ठरलं असतं, नव्हे, तेव्हा दुसरं काही नव्हतंच. आणि फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह म्हटलं की तेव्हा डॉक्टरांचाही चेहरा उतरायचा, कारण कडक केमोने आजार दबायचा आणि थोड्या महिन्यांत परत उसळायचा. मोठ्या माणसांच्या या ल्युकेमियात साधारण चारात एक रुग्ण या गटातला असतो, वय वाढेल तसं प्रमाणही वाढतं, आणि नेमकं त्या वयात कडक केमो सोसत नाही.

मामांना एक फ्रेंच अभ्यास सांगा. २६८ रुग्ण. सगळ्यांना इमॅटिनिब दिलं. एका गटाला त्याच्या जोडीला कडक केमो, दुसऱ्याला हलकी. पहिल्या फेरीनंतर आजार आटोक्यात आला तो कडक गटात ९१ टक्के लोकांचा आणि हलक्या गटात ९८ टक्के लोकांचा. हलक्या गटाचा आकडा जास्त कसा? कारण कडक गटात काही माणसं आजाराने नाही, उपचाराच्या धक्क्याने सुरुवातीलाच गेली. इटलीतल्या डॉक्टरांनी त्याच्याही पुढे जाऊन ६३ रुग्णांना आधी फक्त डॅसॅटिनिब आणि स्टिरॉइड, नंतर ब्लिनाट्युमोमॅब नावाचं प्रतिपिंड औषध दिलं, जे शरीरातल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, पकडून कर्करोगाच्या पेशीशेजारी नेऊन उभं करतं. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ९८ टक्के लोकांचा आजार आटोक्यात, आणि पाठपुराव्याच्या दीड वर्षाच्या टप्प्यावर ९५ टक्के हयात. त्या रुग्णांत ८२ वर्षांचेही होते. तेव्हा 'गोळ्यांवर' हा शब्द मामा ज्या सुरात उच्चारतात तो सूर आता सोडायला हवा. बाबांच्या डॉक्टरांनी हलका हात मुद्दाम ठेवलाय, त्यांना कमी येतं म्हणून नव्हे.

दुसरं मत घ्यायला माझी ना नाही. मुंबईला टाटा मेमोरियलला दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर कागद पाठवून मत मागवा. अट एकच. मत घेण्याच्या धावपळीत गोळीचा एकही दिवस चुकवायचा नाही, पट्टी प्रवासाच्या पर्समध्ये.

चुलत भावाची गफलत जास्त धोक्याची आहे, कारण ती आशेच्या बाजूने आहे. त्याच्या गल्लीतल्या काकांना बहुधा क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया असणार. तिथेही हेच फिलाडेल्फिया गुणसूत्र असतं, गोळीही त्याच जातीची. पण तो आजार सावकाश चालतो आणि सुरुवातीच्या अवस्थेत बराचसा या एकाच अडकलेल्या बटणावर उभा असतो, म्हणून बटण दाबून ठेवलं की वर्षानुवर्षं दुकान उघडता येतं. अ‍ॅक्यूट आजारात पेशी झपाट्याने वाढतात आणि त्यांच्यात इतरही बिघाड जमा झालेले असतात. इमॅटिनिब नवं होतं तेव्हा अशा वीस रुग्णांना, काहींना हा अ‍ॅक्यूट आजार आणि काहींना क्रॉनिक आजाराचं त्याच वळणावर गेलेलं रूप, नुसती गोळी देऊन पाहिली होती. चौदा जणांना गुण आला. २००१ मध्ये तो लेख छापून आला तेव्हा एक सोडून बाकी सगळ्यांचा आजार परतलेला होता. तेच गुणसूत्र, तीच गोळी, आणि निकाल हा असा. भावाला हा परिच्छेद वाचून दाखवा.

पाठीतली सुई त्यासाठीच. या आजाराच्या पेशींना मेंदूभोवतीच्या द्रवात दडून बसायची खोड आहे. रक्तातलं औषध तिथे पुरेसं पोचत नाही. डॅसॅटिनिब इमॅटिनिबपेक्षा बरं पोचतं, पण तेवढ्यावर विसंबत नाहीत. म्हणून कण्यातून थेट त्या द्रवात औषध सोडतात. टोचल्यानंतर डॉक्टर सांगतील तितका वेळ बाबांना उताणं झोपवा, पाणी भरपूर प्यायला द्या. डोकं फारच दुखायला लागलं तर कळवा. या सुईने कंबर कायमची जाते ही चावडीवरची गोष्ट आहे.

'रक्ताचे आकडे नॉर्मल आले' याबद्दलही थोडं सांगते, कारण त्या वाक्यानेच घरात ढिलाई आलीय असं पत्रावरून वाटतं. निदान होतं तेव्हा शरीरात ढोबळमानाने एक लाख कोटी कर्करोगपेशी असतात. त्यातल्या ९९ टक्के मेल्या असं धरा. रक्त नॉर्मल दिसेल, सूक्ष्मदर्शकाखाली मज्जाही चांगली दिसेल, बाबा बाजारात चालत जातील, आणि तरीही आत हजार कोटी पेशी शिल्लक असतील. त्या मोजायला वेगळी तपासणी लागते, आणि उरलेल्या पेशींच्या त्या मापाला एमआरडी म्हणतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: "बीसीआर-एबीएलची क्वांटिटेटिव्ह पीसीआर कधी करायची? एमआरडी किती आहे?" तिसऱ्या महिन्याच्या आसपासचा हा आकडा फार बोलका असतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायचं की नाही, ब्लिनाट्युमोमॅबसाठी धडपडायचं की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं. बाबांच्या भावाबहिणींची आणि तुमची एचएलए तपासणी, म्हणजे प्रत्यारोपणासाठी कुणाची मज्जा जुळते ते पाहणारी, कधी करायची तेही त्याच भेटीत विचारून ठेवा. तपासणी केली म्हणजे प्रत्यारोपण ठरलं असं नव्हे.

आणि आकडा घटता घटता थांबला किंवा वर चढला तर? मग दोनच शक्यता आधी पाहतात. एक, गोळी पोचत नाही: चुकते, किंवा कुणीतरी तिला अडवतंय. दुसरी, खोबणीचाच आकार बदललाय. एबीएलच्या ३१५व्या जागेवर थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन हे दुसरं आलं की डॅसॅटिनिबला आत शिरताच येत नाही. याला टी३१५आय म्हणतात आणि त्यासाठी म्युटेशनची तपासणी असते. तिथे पोनॅटिनिब नावाची वेगळी गोळी चालते, पण तिने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा आणि रक्तदाब वाढण्याचा धोका आहे, म्हणून ती सांभाळून देतात. आता विचार करा, पहिली शक्यता नीट न तपासता घाईने दुसरीकडे धाव घेतली तर काय होईल. पित्ताच्या गोळीमुळे चांगलं औषध नापास ठरेल आणि बाबा जास्त धोक्याच्या औषधावर जातील. त्या अकरा पट्ट्यांच्या गृहस्थांचं थोडक्यात वाचलं.

बाबांना सांगण्याबद्दल. इथे माझं मत स्पष्ट आहे, तुम्हाला कदाचित आवडणार नाही. सांगा. ज्या माणसाला 'रक्त कमी झालंय' असं सांगितलंय, त्याने रक्त वाढल्यावर गोळी बंद केली तर त्याचं काय चुकलं? तुम्ही दिलेल्या माहितीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष बिनचूक आहे. शिवाय जो माणूस जन्मभर मुलांच्या चेहऱ्यावरून पाठ झालंय की नाही ते ओळखत आला, त्याला तुमचे चेहरे वाचता येत नाहीत असं तुम्हाला खरंच वाटतं? मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत रुग्णाला आधीच कळलेलं असतं, आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोच न कळल्याचं नाटक करत असतो.

सगळं एका बैठकीत सांगायची गरज नाही. डॉक्टरांना आधी विचारून घ्या, त्यांच्या खोलीतच बोलायचं असेल तर तसं करा. सुरुवात प्रश्नाने करा: "बाबा, तुम्हाला काय वाटतं, हे काय आहे?" मग ते गप्प बसले तर बसू द्या. तुमच्या आईलाही आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी "काही नाही हो, साधं इन्फेक्शन आहे" म्हणून त्या मध्ये पडतील. नंतर गोळीची जबाबदारी बाबांच्याच हातात द्या. मुख्याध्यापकांना हजेरीपट काय नवा आहे! शंभर पानी वहीत तारीख, वेळ, घेतलेली गोळी आणि सही. सोबत सकाळचं वजन आणि ताप. ती वही दर भेटीला डॉक्टरांसमोर ठेवायची.

काढा सध्या नको. गुळवेलीवर माझा राग नाही, पण कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. त्या वादात मला पडायचं नाही. माझा मुद्दा इतकाच की डॅसॅटिनिबचा निचरा यकृतातूनच होतो, आणि उद्या यकृताचे आकडे बिघडले तर कशाने बिघडले ते कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून थांबवली जाईल ती गोळी. ज्यांनी काढा पाठवला त्यांना वाईट वाटेल. त्यांना म्हणावं, बाबांसाठी ताजं जेवण घेऊन या, उकळलेल्या पाण्याचा तांब्या भरून ठेवा. ग्रेपफ्रूटही टाळायचंय, आणि आपल्याकडचं पपनस त्याच घराण्यातलं, म्हणून तेही. बाहेरच्या गाड्यावरचा रस तर नकोच. बुरशीची, फिटची, टीबीची कुठलीही गोळी कुणी लिहिली तर देण्याआधी पुण्याला फोन. यातली काही डॅसॅटिनिब फार वाढवतात, काही फार घटवतात.

'टार्गेट औषधाला साइड इफेक्ट नसतात' असंही कुणीतरी तुम्हाला सांगेलच. असतात. डॅसॅटिनिबने फुप्फुसाभोवती पाणी साचू शकतं. बाबांना जिना चढताना धाप लागली, कोरडा खोकला आला, आडवं झोपलं की गुदमरायला लागलं, तर 'वयामुळे असेल' म्हणायचं नाही. रक्त न गोठण्याकडेही कल असतो, त्यामुळे अंगदुखीला ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आणून देऊ नका. आणि ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता, मग रात्रीचे दोन का असेनात, दवाखाना गाठायचा. गोळी कुस्करून मधात देत असाल तर तेही थांबवा, ती अख्खीच गिळायची असते. घरात कुणी गरोदर असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते मनात असणारच. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या मिळतात आणि मूळ ब्रँडच्या किमतीशी त्यांची तुलनाच होत नाही. हे आपोआप घडलेलं नाही. इमॅटिनिबच्या पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनी तो हरली. तेव्हा ब्रँडचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर सांगितला जायचा आणि जेनेरिकचा दहा हजारांच्या आत. तुमच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असेल, तिथे रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते विचारा. कंपनी बदलायची वेळ आली तर बदला, पण डॉक्टरांना सांगून, आणि बदलल्याची तारीख वहीत लिहून. पट्टी संपायच्या आठ दिवस आधी नवी घरात हवी. एसटी बंद, मेडिकल बंद, 'उद्या येईल' ही कारणं त्या पेशींना कळत नाहीत.

फोन झाला का? नसेल तर आधी तो करा. आणि पुढच्या भेटीला निघाल तेव्हा चिठ्ठ्या फाइलमध्ये राहू द्या. घरातला औषधांचा डबा, देव्हाऱ्याजवळच्या पुड्या, आईच्या उशाखालचं चूर्ण, सगळं एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता.